पर्ज केलं तरी पान जुनंच: सीडीएनची कॅश आणि ब्राउझरची कॅश

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची घोषणा ईमेलने जाते, लोक लिंक उघडतात आणि डाउनलोडच्या पानावर अजून मागचाच आकडा असतो. टीममध्ये लगेच कुणीतरी म्हणतं, "पण सीडीएन तर पर्ज केलं होतं!" केलंही असेल, म्हणजे सीडीएनवरच्या (वाचकांना जवळून पान देणाऱ्या, ठिकठिकाणच्या सर्व्हरच्या जाळ्यावरच्या) जुन्या प्रती पुसल्याही असतील. पण कॅश, म्हणजे पानाची साठवलेली प्रत, दोन जागी असते आणि पर्ज त्यातल्या एकाच जागी पोचतं.

सीडीएनची कॅश सगळ्या वाचकांची सामायिक. मुंबईच्या नोडवर (सीडीएनच्या तिथल्या सर्व्हरवर) एक प्रत, फ्रँकफर्टच्या नोडवर दुसरी. प्रत्येकीची मुदत आपापल्या वेळी संपते, त्यामुळे एकाच क्षणी इथे जुनं आणि तिथे नवं पान दिसू शकतं. पण या प्रती तुमच्या ताब्यातल्या आहेत. पर्ज केलं की जातात.

ब्राउझरची कॅश वाचकाच्या मशीनवर, आणि तिथे पर्ज चालत नाही. समजा, पानासोबत मॅक्स-एज=३६०० जातं, म्हणजे प्रत ३६०० सेकंद, एक तास, ताजी समजायची. कुणीतरी साडेदहाला ते थेट सर्व्हरवरून घेतलं. तुम्ही अकराला आवृत्ती जाहीर केली. त्याने सव्वाअकराला ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, तर ब्राउझर कुणाला विचारतच नाही, साठवलेलं पान दाखवतो. साडेअकरापर्यंत ते त्याच्या लेखी ताजंच. तुम्ही मात्र रीलोड दाबून तपासता, आणि रीलोडला ब्राउझर पुन्हा चौकशी करतो, म्हणून तुम्हाला नवं दिसतं. इन्कॉग्निटोत तपासणंही तसंच फसवं, कारण तिथे कॅश रिकामीच असते.

हा तासाभराचा उशीर मला क्षुल्लक वाटत नाही. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या छोट्या आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात आणि त्यांत अनेकदा सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. अशा वेळी जुना आकडा पाहून 'आपलं अपडेटेड आहे' म्हणत पान बंद करणाऱ्याचा सर्व्हर उघडा राहतो.

उपाय हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या मॅक्स-एजसारख्या सूचनांमध्ये आहे. एस-मॅक्सएज फक्त सामायिक कॅशसाठी असतं, ब्राउझर ते मानत नाही. डाउनलोडच्या पानाला मॅक्स-एज=०, एस-मॅक्सएज=८६४०० द्या. सीडीएन दिवसभर प्रत ठेवेल, ब्राउझर दर वेळी विचारेल. ईटॅग (पानाच्या प्रतीची ओळखखूण) असेल तर बदल नसताना नुसतं ३०४, म्हणजे 'बदल नाही', एवढंच उत्तर येतं, पान पुन्हा उतरवावं लागत नाही. सीडीएनच्या सेटिंगमध्ये ब्राउझरची मुदत वेगळी दिलेली नाही ना, हेही बघा. काही ठिकाणी ती तुमच्या हेडरवर मात करते.

क्रमही महत्त्वाचा: आधी फाइली, मग पान, मग पर्ज, शेवटी ईमेल. पान बदलण्याआधी पर्ज केलंत, तर मधल्या वेळात आलेला एखादा वाचक जुनंच पान पुन्हा सीडीएनवर भरून ठेवतो, तेही नव्या कोऱ्या मुदतीसह.