वरची कपाटं फिकी, खालची गडद: दोन रंगांमागचं उजेडाचं गणित

स्वयंपाकघरातल्या वरच्या आणि खालच्या कपाटांना दोन वेगळे रंग द्यायचं ठरलं की बोलणं लगेच रंगांच्या नावांवर येतं. निळा घ्यायचा की हिरवा, त्यावर पांढरा शोभेल की क्रीम? खरा निर्णय त्याच्या आधीचा आहे. दोन्ही रंगांच्या उजळपणात किती अंतर ठेवायचं, हे पहिल्यांदा ठरवावं लागतं. ते अंतर नीट पडलं तर निळ्याच्या जागी हिरवा आला तरी फारसं बिघडत नाही. ते चुकलं तर दोन सुंदर रंगही अर्ध्यात रंगाचा डबा संपल्यासारखे दिसतात.

उजळपणासाठी रंग-कंपन्या ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा देतात. बऱ्याच शेडकार्डांच्या मागे तो छापलेला असतो. रंगावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी किती टक्के परत फिरतो, ते तो सांगतो. ० म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. प्रत्यक्षात दोन्ही टोकं मिळत नाहीत. चांगला पांढरा रंग ८० ते ९० च्या दरम्यान असतो, काळा साधारण ५ च्या आसपास.

मात्र हे आकडे सरळ वजा करून चालत नाही. उजळपणाची जाणीव प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण घनमुळाच्या प्रमाणात वाढते. १९७६ साली सीआयई या प्रकाश आणि रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हेच धरून ० ते १०० अशी जाणिवेची पट्टी मांडली. त्या पट्टीवर मधला ५० हा आकडा केवळ १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या करड्या रंगाला मिळतो. म्हणजे डोळ्याला ‘मध्यम’ वाटणारा रंग प्रत्यक्षात पाचातले चार हिस्से प्रकाश गिळत असतो.

याचा परिणाम कपाटांच्या निवडीवर थेट होतो. एलआरव्ही ८० आणि ७० या दोन रंगांत जाणिवेच्या पट्टीवर जेमतेम ५ चं अंतर पडतं. २० आणि १० मध्ये तेच अंतर १४ होतं. कागदावर दोन्हीकडे फरक १० चाच! म्हणून वर ८० चा पांढरा आणि खाली ६० चा फिका करडा घेतला, तर २० चा फरक भरपूर वाटतो, पण डोळ्यांना तो १० इतकाच जाणवतो. अशी जोडी मुद्दाम केलेली वाटत नाही. खालच्या कपाटांचा पांढरा मळला आहे, असं वाटत राहतं. वर ७५ आणि खाली २० घेतलं तर पट्टीवरचं अंतर ३५ च्या पुढे जातं आणि दोन रंग निःसंशय दोन दिसतात. आमच्या मते पट्टीवर ३० किंवा अधिक अंतर असावं. १५ पेक्षा कमी पडत असेल तर दोन रंगांचा हट्ट सोडून एकच रंग द्यावा.

आकडे हाताशी नसतील तर फोन पुरतो. दोन्ही नमुने एकाच फोटोत, सारख्या उजेडात घ्या आणि फोटो कृष्णधवल करा. दोन करड्या छटा सहज वेगळ्या दिसल्या तर जोडी चालेल. एकमेकींत विरल्या तर रंग कितीही वेगळे असोत, मंद उजेडात ती कपाटं एकसारखी दिसतील. नमुन्यांचे दोन वेगळे फोटो मात्र काढू नका. कॅमेरा प्रत्येक वेळी उजेड आपोआप कमीजास्त करतो आणि तुलना फसते.

फिका रंग वर आणि गडद खाली, ही रीत नुसत्या सवयीतून आलेली नाही. ओट्याशी उभं राहिलं की वरचं शटर, म्हणजे कपाटाचं दार, चेहऱ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतं. ६० सेंटिमीटर रुंदीचं शटर एवढ्या जवळून दृष्टीचे सुमारे ५३ अंश व्यापतं. तिथे गडद रंग आला तर काम करताना डोळ्यांसमोर तोच भरून राहतो. खालची शटरं मात्र त्या वेळी दिसतच नाहीत, कारण ओटा त्यांना झाकतो. ती दिसतात दारातून किंवा जेवणाच्या टेबलावरून. त्यामुळे वरचा रंग हातभर अंतरावरून पारखावा आणि खालचा दारात उभं राहून. दोन्ही नमुने हातात धरून एकाच अंतरावरून ठरवणं चुकीचं आहे.

उजेडाचाही प्रश्न आहे. छतावरचा दिवा खोलीच्या मध्यावर असतो, काम करणारा माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याची सावली ओट्यावर पडते. ओट्याला मग छत, भिंती आणि समोरच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या उजेडावर भागवावं लागतं. वरची शटरं, त्यांचा तळ आणि मधल्या टाइल्स गडद असतील तर हा आधारही तुटतो. तरीही वर गडद रंग हवाच असेल तर तो जमवता येतो. कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडी पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत दुधाळ झाकणासह बसवावी आणि ओट्यावर निदान ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड मिळेल असं पाहावं. पट्टी मागे भिंतीलगत बसवली तर टाइल्स उजळतात, पण ओट्याची पुढची बाजू, म्हणजे जिथे चिरणं-कापणं चालतं ती, अंधारात राहते.

नमुना आडवा ठेवून पाहण्याची चूक फार सर्रास होते. टेबलावर सपाट ठेवलेल्या तुकड्यावर वरून भरपूर उजेड पडतो. तोच तुकडा खालच्या कपाटाच्या जागी उभा धरला की ओट्याच्या पुढे आलेल्या कडेची सावली त्यावर येते आणि तो निदान एक पायरी गडद दिसतो. नमुना किमान ३० बाय ३० सेंटिमीटरचा असावा, उभा धरावा आणि नेमक्या जागीच पाहावा: सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून. नखाएवढ्या शेडकार्डावरचा रंग मोठ्या पृष्ठभागावर अधिक उजळ आणि अधिक भडक वाटतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा थोडी मवाळ छटा घेणं सहसा हिताचं ठरतं.

दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना बदलतात. पॅरिसमधल्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारा रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. तपासाअंती रंगात काही दोष सापडला नाही. त्या काळ्या धाग्याला शेजारचे निळे-जांभळे धागे बिघडवत होते. त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडलेला नियम असा की शेजारचे रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात. फिका शेजारच्या गडदाला आणखी गडद दाखवतो आणि उबदार रंग शेजारच्या करड्याला निळसर करतो. म्हणून क्रीम कपाटांखाली ‘शुद्ध करडा’ लावला की तो निळा वाटू लागतो. उपाय सोपा आहे: करड्यात थोडी पिवळट किंवा तपकिरी झाक असलेली छटा घ्यावी. ओटा आणि टाइल्स या जोडीच्या मधोमध येतात, तेव्हा त्यांचा तुकडा सोबत असल्याशिवाय कोणताही रंग पक्का करू नये.

दिव्यांविषयी थोडक्यात. एका दिव्याखाली जुळणारे दोन रंग दुसऱ्याखाली फटकून दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. खाली लॅमिनेट आणि वर पीयू (पॉलीयुरेथेन) रंग अशा मिश्र कामात हे हमखास घडतं. दिवे आधी ठरवा, रंग मागून. ३००० ते ४००० केल्विनचे (उजेड पिवळट की निळसर पांढरा, ते सांगणारा आकडा) आणि रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय आकडा ९० च्या वर असलेले दिवे घ्यावेत, आणि छतावरचे व कपाटाखालचे दिवे एकाच केल्विनचे असावेत.

आता डागांकडे वळू, कारण गडद खालची कपाटं इथेच दगा देतात. रंगाच्या थराच्या वरच्या पृष्ठावरून, रंग कोणताही असो, सुमारे ४ टक्के प्रकाश आत न शिरताच परततो. पांढऱ्या शटरवर आतून ८० टक्के परत येत असताना हे ४ टक्के जाणवतही नाहीत. काळ्या मॅट शटरचं दिसणं मात्र जवळजवळ त्यांच्यावरच चालतं. मॅट पृष्ठभागावरचे सूक्ष्म खड्डे हा प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणून ते एकसारखं मखमली दिसतं. बोटाचं तेल त्या खड्ड्यांत भरलं की तिथला पृष्ठभाग गुळगुळीत होतो, विखुरणं थांबतं आणि बोटाचा ठसा चकचकीत गडद डाग म्हणून उठून दिसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर तेल पसरतं आणि डाग मोठा होतो. भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे थेंब कोमट पाण्यात टाकून पुसावं, मग स्वच्छ ओल्या फडक्याने, मग कोरड्या.

सिंकखालच्या शटरवर वेगळाच त्रास असतो. जड पाण्याचे थेंब सुकले की मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. ते पांढरं असल्याने फिक्या रंगावर लपतं आणि गडद रंगावर ठिपक्यांनी दिसतं. फिक्या खालच्या शटरवर उलट पायांचे, चपलांचे काळे ओरखडे दिसतात. एलआरव्ही १५ ते २५ चा मधला पट्टा आणि मॅटपेक्षा किंचित तुकतुकीत सॅटिन पोत यांत दोन्ही प्रकारचे डाग बऱ्यापैकी लपतात. उजळपणाच्या गणितातूनही खालच्या कपाटांसाठी हाच पट्टा निघतो, आणि आमची शिफारस त्यावरच आहे.

वरच्या पांढऱ्याचा शत्रू म्हणजे पिवळेपणा. तेलावर आधारित एनॅमल अंधारात पिवळतं, त्यामुळे शटरची आतली बाजू आधी पिवळी पडते. अ‍ॅरोमॅटिक जातीचं पीयू उलट सूर्यप्रकाशात पिवळतं. पांढऱ्यासाठी पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅलिफॅटिक पीयू मागावं, आणि डब्यावर तसं लिहिलेलं आहे का ते वाचून घ्यावं.

सुतारकामात एक गोष्ट वारंवार राहून जाते. दोन शटरांमध्ये २ ते ३ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीतून कपाटाच्या सांगाड्याची पुढची कड दिसते. सांगाडा पांढरा आणि शटर गडद असेल तर प्रत्येक फटीत पांढरी रेघ उमटते. खालच्या सांगाड्यांच्या पुढच्या कडांना शटरच्याच रंगाची एज बँड पट्टी लावायला सुरुवातीलाच सांगावं. नंतर ते काम फार किचकट होतं. जमिनीपासून छतापर्यंत जाणारं उंच कपाट कोणत्या रंगाचं, हेही आराखड्यातच लिहून घ्यावं. ते अख्खं खालच्या रंगात असलेलं बरं. ओट्याच्या रेषेवर त्याचे दोन रंग पाडले तर मोठं शटर मधोमध कापल्यासारखं वाटतं. वरच्या कपाटांचा तळ मात्र वरच्याच रंगात राहू द्यावा.

जुन्या कपाटांपैकी फक्त खालची रंगवायची असतील तर शटरं काढून बिजागरीच्या ३५ मिलिमीटरच्या खळग्यात क्रमांक लिहावा. ती जागा रंगवायची नसते. तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने दोनदा धुवावं, वाळल्यावर १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंग सालासारखा सुटतो. लॅमिनेट असेल तर साधं प्रायमर पकड घेत नाही, गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहणारं बाँडिंग प्रायमरच हवं. गडद रंगाखाली प्रायमर करड्या रंगात मिसळून घ्यावं. गडद, भडक छटांच्या डब्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकणारं पांढरं रंगद्रव्य, फार कमी असतं, त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर तिसरा-चौथा हात मारूनही खालचा पांढरा डोकावतो.

प्रायमरवर ३२० चा पेपर, मग रंगाचे दोन पातळ हात. ३ मीटर लांबीच्या, ७२ सेंटिमीटर उंचीच्या शटरांना दोन्ही बाजूंनी दोन हात म्हणजे साधारण ९ चौरस मीटर, आणि लिटरमागे १० चौरस मीटर धरलं तरी रोलर आणि ट्रेमध्ये उरणारा रंग पाहता दीड लिटर घ्यावा. डबे दोन असतील तर एका बादलीत एकत्र ढवळूनच सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला त्याला २ ते ४ आठवडे लागतात. शटरं काही दिवसांनी बसवली तरी त्या काळात साबण, ओलं फडकं आणि शटराला शटर घासणं टाळावं, आणि टेकणाऱ्या कोपऱ्यांवर रबरी बटणं पहिल्याच दिवशी चिकटवावीत.