क्रेडिट पॉइंटची सीएमई आणि पॅलिएटिव्ह केअरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या रुग्णाच्या वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा, या विषयावरची एका दिवसाची सीएमई (डॉक्टरांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण) आणि त्याच विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांची प्रमाणपत्रे दिसायला जवळजवळ सारखी असतात. दोन्हींवर विषयाचे नाव, आयोजक संस्थेचे बोधचिन्ह आणि दोन-तीन सह्या असतात, आणि बोलताना दोन्हींना सरसकट ‘ट्रेनिंग’ म्हटले जाते. रुग्णालयाचे व्यवस्थापन नोकरीसाठी आलेल्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला ‘पॅलिएटिव्हचं ट्रेनिंग झालंय का?’ असे विचारते, तेव्हा प्रश्न नेमका कशाबद्दल आहे हे अनेकदा विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते.

सीएमईचा पहिला संबंध नोंदणीशी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात आणि कौन्सिलची मान्यता असलेल्या परिषदा, व्याख्याने व कार्यशाळांमधून ते मिळतात. अशा कार्यक्रमाला कौन्सिलचा निरीक्षक येतो आणि उपस्थिती तपासतो. श्रोत्याला त्यातले काय साधले हे तपासणे त्याच्या कामात बसत नाही. हे पॉइंट हृदयरोगावरचे असोत, त्वचारोगावरचे असोत की पॅलिएटिव्ह केअरवरचे, नूतनीकरणाच्या हिशोबात त्यांचे मोल सारखेच.

म्हणून सीएमई निरुपयोगी ठरत नाही. जे ज्ञान ऐकून पुरते मिळते, त्यासाठी ती उत्तम सोय आहे. लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी होऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करण्याची मुभा मिळाली. हा बदल समजून घ्यायला आठवडाभर वॉर्डात राहण्याची गरज नाही. एखादे चांगले व्याख्यान आणि नंतरची प्रश्नोत्तरे पुरतात.

प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा घाट वेगळा असतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम काही आठवडे चालतो आणि शेवटी परीक्षा असते. तिरुवनंतपुरमच्या ‘पॅलियम इंडिया’ने चालवलेले डॉक्टर व परिचारिकांसाठीचे अभ्यासक्रम सहा आठवड्यांचे, म्हणजे नोकरीतून रजा काढूनच करावे लागणारे. आपल्याकडे पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे आणि तेथेही रुग्णसेवेच्या जोडीने प्रशिक्षण चालते. चांगल्या अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष रुग्णापुढे बसतो आणि त्याने लिहिलेला डोस कोणीतरी जाणकार दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतो. माझ्या मते सगळा फरक या दुसऱ्या दिवशीच्या पाहण्यात आहे.

तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायच्या मॉर्फीनचेच पाहा. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून झोपताना दुप्पट मात्रा द्यायची. बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच लिहायचे. मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठी दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश इतका जादा डोस हाताशी ठेवायचा. हे सारे एका स्लाइडवर मावते आणि सीएमईत ती स्लाइड असतेच. पण मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्ध रुग्णाला दुसऱ्या दिवशी गुंगी आली, तर ती सुरुवातीची, दोन-तीन दिवसांत ओसरणारी गुंगी आहे की औषध शरीरात साचू लागले आहे, हे स्लाइड सांगत नाही. बाहुल्या पाहायच्या, श्वास मोजायचे, हात पुढे धरायला सांगून झटके येतात का ते बघायचे आणि मग डोस कमी करायचा, अंतर वाढवायचे की औषधच बदलायचे हे ठरवायचे, हे कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच शिकता येते. ज्या डॉक्टरने हे एकदाही केलेले नसते, तो सीएमईहून परतल्यावरही मॉर्फीनहून सौम्य असे ट्रॅमाडॉलच लिहीत राहतो, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फीन बहुतेक रुग्णालयांतून नाहीसे झाले होते, आणि डॉक्टरांच्या अख्ख्या पिढीने शिकण्याच्या वयात ते लिहिलेले पाहिलेच नाही.

संवादाचेही तसेच. ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, ते खचतील,’ असे दाराबाहेर गाठून सांगणारा मुलगा आपल्याकडे प्रत्येक वॉर्डात भेटतो आणि आत वडिलांना बहुधा सगळे कळलेले असते. वाईट बातमी सांगण्याचे टप्पे व्याख्यानात पाठ करता येतात. मात्र मुलाला न दुखावता ‘त्यांनीच विचारलं तर मी खोटं बोलणार नाही’ हे वाक्य उच्चारायची तोंडाला सवय असावी लागते. त्यासाठी अभ्यासक्रमात एकाने रुग्ण, एकाने मुलगा आणि एकाने डॉक्टर व्हायचे असते. पहिल्या खेपेला बहुतेक डॉक्टर फार बोलतात, हे तिथेच त्यांच्या लक्षात येते.

परिचारिकांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे, कारण घरभेटीत जखम त्यांच्याच हाती असते. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाची चिघळलेली जखम इतकी दुर्गंधी सोडते की घरातली माणसे खोलीत यायची थांबतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ती जखमेवर घालण्याचा उपाय स्वस्त आणि गुणकारी आहे. पण चिकटलेली पट्टी रक्तस्राव न होऊ देता सलाईनने भिजवून कशी सोडवायची, हे पाहून आणि करूनच हातात उतरते.

कायद्याच्या बाजूनेही हे दोन कागद एकाच पारड्यात टाकता येत नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ असा दर्जा घेतलेले रुग्णालय ती ठेवू शकते. त्या दर्जासाठी वेदनाशमन व पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत असावा लागतो. अर्ज करू पाहणाऱ्या छोट्या रुग्णालयाने फायलीत क्रेडिट पॉइंटांची यादी जोडण्याऐवजी आपला एखादा डॉक्टर अभ्यासक्रमाला पाठवावा, हे बरे.

पॅलिएटिव्ह मेडिसिनची एम.डी. ही याहून निराळी, तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात ती २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्या जागा इतक्या थोड्या आहेत की तालुक्याच्या गावी वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णापर्यंत तिच्या भरवशावर पोहोचता येणार नाही. तिथे अभ्यासक्रम केलेला जनरल प्रॅक्टिशनर आणि परिचारिका हीच खरी फळी.

एवढे सांगितल्यावर पडद्यावरचे शिक्षण कच्चे आणि खाटेजवळचे पक्के, अशी समजूत होण्याचा संभव आहे, आणि ती बरोबर नाही. ‘प्रोजेक्ट एको’ ही पद्धत २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सीच्या उपचारासाठी सुरू झाली आणि पुढे पॅलिएटिव्ह केअरमध्येही आली. तिच्यात सगळे काही व्हिडिओ कॉलवर चालते. पण प्रत्येक वेळी कोणीतरी स्वतःचा रुग्ण मांडतो, रुग्णाचे नाव न सांगता त्याचे वय, वेदनेची तीव्रता, चालू औषधे, मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन, घरात कोण आहे हे सगळे सांगतो, त्यावर सल्ला घेतो आणि तो अमलात आणून पुढच्या सत्रात काय झाले ते कळवतो. अभ्यासक्रम संपवून गावी परतलेल्या डॉक्टरला याचाच आधार असतो, कारण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर लिहिलेले पहिले मॉर्फीन त्याला एकट्यानेच लिहायचे असते. सीएमईचे आयोजकही हे करू शकतात: दुपारच्या सत्रातले एक व्याख्यान काढून त्या जागी श्रोत्यांनी आणलेले दोन रुग्ण चर्चेला घ्यावेत आणि महिन्याभराने त्याच मंडळींना तासभर पुन्हा जोडून घ्यावे. क्रेडिट पॉइंट त्यामुळे वाढणार नाहीत, आणि गर्दी कदाचित कमीच होईल.