नैरोबी नॅशनल पार्क: तीन बाजूंचे कुंपण आणि पुलाचा वाद

नैरोबीत राहणाऱ्याला रविवारी सकाळी शहराबाहेर पडायला फार लांब जावे लागत नाही. शहराच्या मध्यापासून सुमारे 7 किलोमीटरवर 117 चौरस किलोमीटरचे रान आहे. गवतात गेंडा चरत असतो आणि त्याच्या मागे उंच इमारती दिसतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा यावर विश्वास बसत नाही.

1899 मध्ये रेल्वेची छावणी पडली आणि तिच्याभोवती शहर वाढले. दक्षिणेकडच्या माळावर मासाई लोकांची गुरे चरत. 1946 मध्ये तिथे केनियातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. माहितीपत्रकांत ही बाजू क्वचितच येते. 1989 मध्ये हस्तिदंताच्या व्यापाराला विरोध म्हणून याच पार्कात 12 टन हस्तिदंत जाळले गेले. ती जागा आजही पाहता येते.

पण आजचे पार्क समजून घ्यायचे तर रेल्वेच्या वादाकडेच यावे लागते. मोम्बासा बंदरातून येणारा नवा रेल्वेमार्ग 2017 मध्ये नैरोबीपर्यंत सुरू झाला. तो पुढे वायव्येला नैवाशा गावाकडे न्यायचा, तर पार्क मध्ये येत होते. सरकारचे म्हणणे असे की, अनेक मार्ग तपासले आणि त्यांत हाच परवडणारा होता. शिवाय उंच खांबांवरून रूळ नेले की जनावरे खालून जातील. विरोधकांचा मुद्दा अधिक थेट होता. बाहेरून मार्ग नेला की खासगी जमीनमालकांना भरपाई द्यावी लागते, रानाला ती द्यावी लागत नाही. पार्क स्वस्त पडले ते यामुळेच, आणि हे मला पटते. सप्टेंबर 2016 मध्ये पर्यावरण लवादाने कामाला स्थगिती दिली. तरीही 2018 मध्ये काम सुरू झाले आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गाडी धावली. पार्कावरून जाणारा पूल सुमारे 6 किलोमीटरचा आहे. आता त्या खांबांखालून जिराफ खरोखरच जाताना दिसतात. मात्र त्यामुळे स्थगिती असताना काम कसे झाले, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या गदारोळात दक्षिणेची बाजू मागे पडली. पार्काला तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिणेला फक्त म्बागाथी नदी आहे. ती ओलांडून झेब्रे आणि विल्डबीस्ट (कळपाने राहणारी मोठी हरणे) पावसाळ्यात अथी-कापिती माळांवर जातात आणि कोरड्या दिवसांत पाण्यासाठी पार्कात परततात. हे माळ मासाई कुटुंबांच्या मालकीचे आहेत. पार्काच्या दक्षिणेचे किटेंगेला शहर वाढले, जमिनीचे तुकडे पडले, दगडी भिंती आणि तारा आल्या. विल्डबीस्टचे कळप सत्तरच्या दशकाच्या मानाने फारच थोडे उरले. कुंपण न घालणाऱ्या कुटुंबांना एकरी वर्षाला 4 डॉलर देण्याची योजना 2000 च्या सुमारास सुरू झाली. काही घरांत त्या पैशातून मुलांच्या शाळेची फी भरली गेली. पण प्लॉटच्या भावापुढे 4 डॉलर कितीसे पुरणार?