कळतं, पण वळत नाही: कोचिंगमधलं मानसशास्त्र

टीमवर कामं सोपवायला हवीत हे कुठल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला माहीत नसतं? तरीही रात्री अकरा वाजता तो हाताखालच्या माणसाचं प्रेझेंटेशन स्वतःच दुरुस्त करत बसलेला असतो. एक्झिक्युटिव्ह कोचसमोर, म्हणजे अशा अधिकाऱ्यांशी बोलून त्यांना कामाची पद्धत बदलायला मदत करणाऱ्यासमोर, येणारे बरेच प्रश्न या जातीचे असतात. अशा वेळी 'अहो, सोपवत जा' असं सांगायचा मोह कोचला होतो, आणि तिथेच सेशन फसतं.

कारण त्या माणसाच्या मनात दोन्ही बाजूंचं भांडण आधीपासून चालू असतं. कोचने बदलाची बाजू उचलली की दुसरी बाजू आपोआप त्याच्या वाट्याला येते: 'हो, पण टीम अजून तयार नाही.' शिवाय कुणी आपली निवड हिरावून घेतंय असं वाटलं, की माणूस ती परत मिळवायला धडपडतो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये याला 'रिअ‍ॅक्टन्स' म्हटलं.

विल्यम मिलर यांनी दारूच्या समस्येवरच्या उपचारांतून १९८३ मध्ये मांडलेलं 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' इथे फार उपयोगी पडतं. बदलाची कारणं कोचने द्यायची नाहीत, समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायची. एक साधा प्रश्न बघा.

'कामं सोपवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा.'
'सहा.'
'तीन का नाही?'
'तीन कसं म्हणू? दोन चांगली माणसं कंटाळून सोडून गेली ना.'

'नऊ का नाही?' असं विचारलं असतं, तर सबबींची यादी मिळाली असती. फरक एका आकड्याचा, पण माणूस वकिली कुणाची करतो तेच त्याने पालटतं. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. 'म्हणजे माणसं गमावल्याचं तुम्हाला लागलंय,' असं त्याचंच म्हणणं त्याच्यापुढे ठेवावं आणि थांबावं. एका प्रश्नामागे अशी दोन वाक्यं, हे प्रमाण या पद्धतीत चांगलं मानतात. नवखे कोच नेमके उलटे वागतात आणि सेशनची उलटतपासणी होते.

तरीही गाडी हलत नसेल, तर रॉबर्ट कीगन आणि लिसा लेही यांचा मार्ग घ्यावा: सोपवलं तर काय होईल अशी धास्ती वाटते, ते विचारावं. बऱ्याचदा तळाशी 'मग माझी गरजच काय?' हे निघतं. त्या समजुतीशी वाद घालू नये, ती तपासायला लावावी. चुकलं तरी निस्तरता येईल असं एकच काम आठवडाभर पूर्ण सोपवून बघायचं.

फीडबॅक जपून द्यावा. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी खालावलेली दिसली. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की हे होतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. म्हणून 'तुम्ही विश्वास टाकत नाही' असं म्हणू नये. 'कालच्या मीटिंगमध्ये तुम्ही चार वेळा मधेच बोललात' असं म्हणावं.

एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. सलग दोन आठवडे मन खचलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर तो कोचिंगचा विषय नाही. तिथे निदानाचा आव न आणता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं.

शेवटी कागदावर काय उतरतं ते महत्त्वाचं. 'जास्त सोपवेन' हा संकल्प हवेत विरतो. पीटर गोलविट्झर यांनी सुचवलेली 'जर-तर' रचना टिकते: 'सोमवारच्या आढाव्यात कुणी अडचण घेऊन आलं, तर मी आधी विचारेन, तुला काय करावंसं वाटतं?' गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात या रचनेचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. 'वेळ मिळाला तर' हा 'जर' नव्हे. क्षण ओळखता यायला हवा. एका वेळी असा एकच बेत पुरे. पुढच्या सेशनला 'जमलं का?' असं न विचारता 'तो क्षण आला तेव्हा नेमकं काय झालं?' असं विचारावं. बेत फसला असेल, तर कुठे फसला ते या प्रश्नातूनच कळतं.