समवर्ती सूची

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील तिसरी यादी. संरक्षण, चलन, रेल्वे हे विषय संघ सूचीत आणि पोलीस, शेती, जमीन राज्य सूचीत आहेत; फौजदारी कायदा, विवाह, वीज, कामगार कल्याण अशा समवर्ती विषयांवर मात्र संसद आणि राज्य विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. मूळ नोंदी 47 होत्या. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वजनमापे यांसह पाच विषय राज्य सूचीतून इकडे आले. त्यांत राज्यांना सर्वाधिक जाणवले ते शिक्षणाचे जाणे.

नुसत्या विषयाच्या नावावरून अधिकार कोणाचा हे ठरत नाही, नोंद शब्दशः वाचावी लागते. शेती आणि बाजार राज्यांकडे आहेत, पण अन्नधान्याचा व्यापार समवर्ती सूचीच्या नोंद 33 मध्ये येतो. 2020 चे केंद्रीय कृषी कायदे याच नोंदीच्या आधारे झाले होते. ते 2021 मध्ये रद्द झाले.

एकाच समवर्ती विषयावरील दोन कायद्यांत विरोध आला, तर अनुच्छेद 254 नुसार केंद्राचा कायदा चालतो आणि राज्याचा कायदा विरोधापुरता शून्य ठरतो. आधीपासून असलेल्या केंद्रीय कायद्याविरुद्ध राज्याला आपली तरतूद टिकवायची असेल, तर विधिमंडळात मंजूर झालेले विधेयक राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवावे लागते. संमती मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो.

चूक बहुधा संमती मागणाऱ्या प्रस्तावातच होते. कोणत्या केंद्रीय कायद्याशी विरोध आहे, हे त्यात नेमके लिहावे लागते. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या मुदतवाढीला राष्ट्रपतींची संमती होती, पण ती मागताना मालमत्ता हस्तांतरण कायद्यासारखे जुने कायदेच पुढे ठेवले होते. सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादारांना काढण्याच्या 1971 च्या केंद्रीय कायद्याचा उल्लेख नव्हता. म्हणून 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यापुरती ही संमती लागू होत नाही, असा निकाल दिला. एका कायद्याचे नाव लिहायचे राहिले आणि सार्वजनिक जागांतील भाडेकरूंचे संरक्षण गेले.

संमतीने मिळालेले संरक्षणही कायमचे नसते. त्याच विषयावर नवा कायदा करून संसद राज्याचा कायदा बदलू किंवा रद्द करू शकते. शिवाय राखून ठेवलेल्या विधेयकावर राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा, याची मुदत अनुच्छेद 201 मध्ये दिलेली नाही.