रक्तदाबाच्या आकड्यामागची धमनी

बीपीचा पट्टा येण्याआधी डॉक्टर नाडीची रेघ काढत. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या फ्रेडरिक अकबर मोहम्मद यांनी 1870च्या दशकात मनगटावर बांधायचं स्फिग्मोग्राफ सुधारलं. ठोक्यासरशी तरफ उचलली जायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. जास्त दाबाची नाडी कशी दिसते आणि वय झालेल्या धमनीची कशी, हे ते त्या रेघेत वाचत. मूत्रपिंडं धड असूनही दाब वाढतो, हे त्यांनीच दाखवलं. 1884मध्ये अवघ्या पस्तिशीत ते गेले.

1896मध्ये रिवा-रोची यांचा पट्टा आला, 1905मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची रीत दिली. हाती दोन सोपे आकडे आले आणि धमनीची भिंत मात्र विस्मरणात गेली. पुढची अनेक दशकं खालच्या आकड्यालाच महत्त्व राहिलं; म्हातारपणी वरचा वाढायचाच, असं मानलं गेलं. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली समजूत ही. वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो, तो बहुधा महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, ताठर झाल्यामुळेच. साठीपुढच्या अशा रुग्णांना औषध दिल्यावर पक्षाघात 36 टक्क्यांनी कमी झाले, हे सिद्ध व्हायला 1991 उजाडलं.

भिंतीत इलॅस्टिनचे ताणले जाणारे तंतू असतात आणि कोलॅजेनचे चिवट. दाब वाढला की ताण कोलॅजेनवर येतो आणि धमनी ताठरते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर इलॅस्टिन तुटत जातं, आणि मोठेपणी ते नव्याने फारसं बनत नाही. औषधाने दाब उतरला की ताण पुन्हा इलॅस्टिनवर येतो, धमनी लगेच थोडी मऊ लागते. पण भिंतच सुधारली की फक्त तिच्यावरचा भार हलका झाला, हा वाद तिथूनच सुरू होतो. ताठरपणा पाहायला नाडीची लाट किती वेगाने धावते ते मोजतात, कारण धमनी जितकी ताठर तितका वेग जास्त: तरुणपणी सेकंदाला पाच-सहा मीटर, दहाच्या वर गेली तर धोक्याची खूण.

सगळी औषधं इथे सारखी नाहीत. 2006मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅफे’ अभ्यासात दंडावरचा दाब जवळपास सारखाच होता, तरी अ‍ॅम्लोडिपिन-पेरिंडोप्रिल घेणाऱ्यांच्या महाधमनीतला वरचा दाब अ‍ॅटेनोलॉलवाल्यांपेक्षा सुमारे चार अंकांनी कमी भरला. 2012मध्ये तर अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात अनेक दशकं चाललेल्या हृदय-अभ्यासाच्या संशोधकांनी क्रमच उलटा मांडला: अनेकांत ताठरपणा आधी येतो, उच्च रक्तदाब नंतर.