आरएनएची मोजणी टेबलावरच बिघडते

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक किती चालू आहे यामुळे. चालू जनुकाच्या आरएनए प्रती निघतात. त्या मोजल्या की जनुकीय नियमनाचा अंदाज येतो. पुण्यात पाषाणची आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) अशा संस्थांत या विषयावर संशोधन चालतं. आयसरमध्ये तर २०१९ पासून सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा ‘परम ब्रह्म’ महासंगणकही आहे. पण प्रयोगशाळेच्या टेबलावर बिघडलेला नमुना कोणताही संगणक दुरुस्त करत नाही.

आरएनए तोडणारं आरएनेझ हे विकर हातांवर, धुळीत, सगळीकडे असतं आणि भलतंच चिवट असतं. पाणी उकळून ते जात नाही. ऑटोक्लेव्हचाही (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचाही) पूर्ण भरवसा नाही. म्हणून हातमोजे सारखे बदलायचे, पिपेटला फिल्टरवाल्या टिपा (टोकाच्या नळ्या) वापरायच्या.

पेशींतून आरएनए काढायची नेहमीची पद्धत ट्रायझॉल या रासायनिक द्रावणाची. १ मिलीलिटर ट्रायझॉलमध्ये पेशी विरघळवायच्या, ०.२ मिलीलिटर क्लोरोफॉर्म घालून जोरात हलवायचं, मग ४ अंशांना १२,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट जोराने) १५ मिनिटं सेंट्रीफ्यूज. आरएनए वरच्या पारदर्शक थरात येतो. तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचा मोह होतोच. पण मधला पांढुरका थर टिपेत शिरला की डीएनएही सोबत येतो. पुढे अर्धा मिलीलिटर आयसोप्रोपॅनॉलने आरएनए खाली बसवायचा आणि ७५ टक्के इथेनॉलने धुवायचा. पेलेट (तळाशी बसलेला आरएनए) कडकडीत वाळवली तर नंतर पाण्यात नीट विरघळत नाही.

२६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश नमुना किती शोषतो त्याचं) २ च्या आसपास आलं की अनेकजण निर्धास्त होतात. ते चुकीचं आहे. या आकड्यावरून प्रथिनांची भेसळ कळते, आरएनए तुटलाय का ते कळत नाही. त्यासाठी आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० मधला गुणांक) बघायचा, शक्यतो ७ च्या वर. एकूण आरएनएत ८० टक्क्यांहून जास्त वाटा रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएचा असतो, एम-आरएनए (जनुकाचा प्रथिनासाठीचा संदेश नेणारी प्रत) जेमतेम १ ते ५ टक्के. तो ‘ए’ अक्षरांच्या शेपटीला धरून वेगळा काढतात. रेणू आधीच तुटलेला असेल तर शेपटीजवळचा तुकडाच हाती लागतो.

संगणकाचं काम त्या मानाने सोपं. नमुन्यामागे २-३ कोटी रीड (सीक्वेन्सिंग यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) पुरतात. हे रीड मानवी जीनोमवर कुठे बसतात ते शोधणारं ‘स्टार’ हे सॉफ्टवेअर चालवायला सुमारे ३० जीबी मेमरी लागते. प्रती मोजणारं ‘सॅल्मन’ हे हलकं सॉफ्टवेअर चांगल्या लॅपटॉपवरही चालतं. महासंगणक लागतो तो नमुने शेकड्यांनी असले की.

खरी गोची प्रयोगाच्या आखणीत. औषध न दिलेले नमुने सोमवारी आणि दिलेले गुरुवारी तयार केले, तर दिसणारा फरक औषधाचा की दिवसाचा, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्ही गट एकाच दिवशी, मिसळून करावेत. किमान तीन स्वतंत्र नमुने हवेत. एकाच डिशमधून भरलेल्या तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. शिवाय २०,००० जनुकं तपासताना पी-व्हॅल्यूची (फरक नसताना असा निकाल योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची) मर्यादा ०.०५ ठेवली, तर काहीही फरक नसताना हजारेक जनुकं निव्वळ योगायोगाने ‘बदललेली’ दिसतील. म्हणून एकाच वेळी इतक्या चाचण्या केल्याचा हिशेब धरून दुरुस्त केलेला आकडाच वाचायचा.

एवढं करूनही प्रती वाढल्या म्हणजे जनुक जास्त चालू झालं, असं लगेच म्हणता येत नाही. प्रती बनण्याचा वेग तोच राहून तुटण्याचा वेग मंदावला असेल. सुमारे २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए, ज्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन या शास्त्रज्ञांना २०२४ चं नोबेल मिळालं, एम-आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात आणि बऱ्याचदा त्याची मोडतोडही घडवतात. शंका असेल तर ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध देऊन नवीन प्रती बनणं थांबवायचं आणि ०, २, ४, ८ तासांनी किती उरल्या ते क्यूपीसीआरवर (ठरावीक प्रतींचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीवर) मोजायचं.